औंधचे चित्रकार राजे

पुण्याजवळचे औंध नव्हे, सातारा जिल्ह्यातील यमाईचे औंध. गेल्या वर्षी मी आळंदीहून देवीच्या दर्शनास गेले, तेव्हा वाटेतील टेकडीवरचे श्री भवानी संग्रहालय पाहिले आणि ते उभारणाऱ्या श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींचे चरित्र मनात घर करून राहिले.

बाळासाहेबांचा जन्म १८६८ चा. १९०९ साली ते गादीवर आले. राजे असून स्वतः कुंचला धरीत. रामायणातील प्रसंग त्यांनी रंगविले. कीर्तने केली, सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. १९३८ साली हे संग्रहालय उभे राहिले. तेथे राजा रविवर्म्याच्या चित्रांबरोबर आपल्याकडील धुरंधरांची व औंधातच राहिलेल्या पंडित सातवळेकरांची चित्रेही मानाने लावलेली आहेत. १९३९ साली त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला. १९४८ साली संस्थान विलीन झाले आणि १९५१ साली ते निवर्तले. राज्य गेले, चित्रे मात्र गावातच राहिली.

भगिनींनो, माझ्या सासूबाई दिवाळीला ओटीच्या भिंतीवर सुरेख तुळशीवृंदावन रेखीत. घर रंगविताना मीच ते पुसविले. आता ते कोठून आणू? नातीची चित्रांची वही मात्र मी ट्रंकेत जपून ठेवली आहे.