लक्ष्मीबाई टिळक : हसत सांगितलेले दुःख



आपण सीमाभागातली माणसे. १९५६ साली राज्ये भाषेवर वाटली गेली, तेव्हापासूनचे एक दुखणे आपल्या प्रत्येक घरात आहे. आजोबांनी ते वडिलांना सांगितले, वडिलांनी मुलांना. २०२० च्या ऑगस्टमध्ये आपल्या पिरनवाडीत पुतळ्यावरून किती ताण आला होता, हे तुमच्यापैकी मोठ्यांना आठवत असेल. शेवटी संगोळ्ळी रायण्णांचा पुतळा राहिला आणि चौकाला शिवाजी महाराजांचे नाव राहिले. तो ताण निवळला, पण मनात काय उरते याचा विचार आम्ही तेव्हापासून करतो आहोत. म्हणून या अंकातील चरित्रासाठी आम्ही लक्ष्मीबाई टिळकांची निवड केली. त्यांचा भाषावादाशी काही संबंध नाही. पण जुन्या दुखण्याचे काय करायचे, हे त्यांना चांगले ठाऊक होते.

मराठी ख्रिस्ती लेखक म्हटले की बेळगावकरांना आधी बाबा पदमनजी आठवतात, आणि ते बरोबरच आहे. १८३१ साली आपल्या बेळगावात जन्मलेल्या या गृहस्थांनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहिले. त्यांच्यावर पुढे केव्हातरी लिहूच. आज मात्र नाशिकजवळच्या जलालपूरला जाऊ.

लक्ष्मीबाई तिथे १८६८ साली जन्मल्या. माहेरचे नाव मनकर्णिका गोखले. १८५७ च्या बंडानंतर त्यांच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्याने त्यांच्या वडिलांना सोवळ्याओवळ्याचे वेडच लागले. बाजारातून आलेली साखर आणि मीठसुद्धा धुऊन घ्यायचे! धुतलेल्या मिठाचे काय होते ते आमच्या चौथीच्या मुलांनाही सांगता येईल. त्या विटाळाच्या भीतीत घरातली पोरेबाळे हैराण झाली. दुसरे कोणी असते तर अशा बापाबद्दल कडवट लिहिले असते. लक्ष्मीबाईंनी तो सगळा प्रकार असा लिहिला आहे की वाचणारा आधी हसतो आणि मग त्याला त्या माणसाची कीव येते.

अकरा-बारा वर्षांच्या असताना, १८८० साली, त्यांचे नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. टिळक मोठे कवी, बुद्धिमान आणि मनाने उदार, पण संसाराला अगदीच निरुपयोगी! राग नाकावर. हातात पैसा आला की वाटेत भेटेल त्या गरजूला देऊन मोकळे. मनात आले की न सांगता घर सोडून निघून जायचे. सासरेही तापट होते. या सगळ्यात मुलगी वाढली. शाळा तिने पाहिली नाही. अक्षरओळख झाली तीही लग्नानंतर, घरच्या घरी.

१८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका गोऱ्या गृहस्थाने टिळकांना बायबल दिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याजवळ नव्हत्या. मुलगा दत्तू तीन-चार वर्षांचा होता. त्या काळच्या समजुतीप्रमाणे धर्म सोडलेला माणूस घरच्यांना मेल्यासारखाच. म्हणजे बाई ना धड सवाष्ण, ना विधवा. लोक कुजबुजत. बहीण भिकूताई आणि तिचे यजमान नानासाहेब पेंडसे यांनी त्यांना पंढरपुरात आधार दिला. त्या दिवसांत झोप नाही, जेवण नाही, जीव नकोसा झालेला. दुःख ओठांवर येत नव्हते, ते पद्यात येऊ लागले. त्यांच्या कवितेचा आरंभ तिथला.

ताटातूट सुमारे साडेचार वर्षे चालली. टिळकांनी दुसरे लग्न केले नाही, पत्रे लिहिणे सोडले नाही. अखेर बाई मुलाला घेऊन नगरला गेल्या. पण गेल्या म्हणजे सगळे विसरून गळ्यात पडल्या, असे समजू नका. आम्हाला त्यांचा हाच भाग सर्वांत आवडतो. त्यांनी आपला स्वयंपाक वेगळा ठेवला, पाणी वेगळे ठेवले. नवरा जवळ हवा, पण त्याचा विटाळ नको. वडिलांचे सोवळे लेकीच्या हाडामांसात मुरले होते.

पुढे त्यांनी स्वतःलाच विचारायला सुरुवात केली, की ही उच्चनीचता देवाने केली की माणसाने? उत्तर सापडले तेव्हा आधी जात मनातून गेली आणि मग १९०० साली त्यांनी स्वतःच्या समजुतीने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या आग्रहाखातर नव्हे. नवऱ्याने आपल्याला काय सोसायला लावले हे त्या जाणत होत्याच. पण जातीच्या अभिमानात आपणही किती माणसांना दूर लोटले, हेही त्यांना दिसले. प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेत क्षमा मागणे आणि क्षमा करणे एकाच वाक्यात येते. लक्ष्मीबाईंच्या आयुष्यातही ती जोडीनेच आली, असे आम्हाला वाटते.

त्यानंतर त्यांचे घर भरत गेले. दुष्काळात उघडी पडलेली मुले त्यांनी सांभाळली. तारा नावाची मुलगी आपली म्हणून वाढवली. बालकवी ठोंबरे नगरला त्यांच्याच घरी राहिले. धर्माने ते हिंदूच होते, आणि बाईंनी माया केली ती लेकराला करावी तशी. टिळकांनीही तुकोबांचे ऋण कधी नाकारले नाही. आपण ख्रिस्तापर्यंत पोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, असे ते सांगत. आणि ज्या भिकूताईंनी व नानासाहेबांनी कठीण काळात दार उघडले, त्यांच्याविषयी बाईंनी भरभरून लिहिले.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. मुलगा त्यांचे चरित्र लिहायला आठवणी गोळा करू लागला आणि त्यातून आईच्याच आठवणींचे पुस्तक उभे राहिले. 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून चार भागांत प्रसिद्ध झाले. नवऱ्याचा राग, सासऱ्यांचा जाच, आपला स्वतःचा हट्ट, काही झाकलेले नाही. आमच्या लहानपणी घरात एखादा जुना अपमान निघाला की सगळे गप्प होत, नाहीतर आवाज चढे. तिसरा मार्ग असतो, हे आम्हाला प्रथम या पुस्तकात दिसले.

आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. टिळक 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य लिहीत होते. दहा अध्याय झाले आणि ते गेले. पुढचे साठाहून अधिक अध्याय, शाळेत न गेलेल्या लक्ष्मीबाईंनी लिहिले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या वारल्या, तेव्हा काव्य पुरे व्हायला थोडेच उरले होते. ते मुलाने, त्याच दत्तूने, पुरे केले.