डॉक्टर हेन्री व्हँडाइक कार्टर

ग्रे साहेबांच्या प्रसिद्ध शारीरग्रंथांतील ३६३ आकृत्या ज्या हातानें काढिल्या, त्याच हातानें पुढें आमच्या देशांतील अनवाणी शेतकऱ्यांच्या सडलेल्या पायांचीं चित्रें काढिलीं, हें फार थोड्यांस ठाऊक असेल. म्हणून डॉक्टर कार्टर ह्यांचें चरित्र आम्ही आमच्या वाचकांपुढें ठेवीत आहों.

त्यांचा जन्म इ. स. १८३१ मध्यें इंग्लंडांत हल येथें झाला. वडील चित्रकार होते. लंडनच्या सेंट जॉर्ज इस्पितळांत असतां ग्रे ह्यांच्याशीं त्यांचा परिचय झाला. ग्रंथ १८५८ सालीं बाहेर पडला. ग्रे ह्यांस खपाप्रमाणें पैसे मिळावयाचे होते, कार्टर ह्यांस एकदांच १५० पौंड मिळाले. ग्रंथ निघाला तेव्हां ते मुंबईस येऊन पोहोंचलेही होते. स्वभावानें ते भाविक, पण स्वतःविषयीं सदा असमाधानी असत, असें त्यांच्या रोजनिशीवरून दिसतें.

मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजांत शिकवीत असतां एका भयंकर रोगानें त्यांचें लक्ष वेधलें. मदुरेकडे तो फार, म्हणून त्यास मदुरेचा पाय म्हणत. पाय सुजे, त्यास भोकें पडत, हाडें पोखरून जात, आणि शेवटीं पाय कापण्यावांचून गति नसे. कापलेले पाय इतर डॉक्टर टाकून देत असतील. कार्टर ह्यांनीं ते उभे चिरून आंत पाहिलें. पोकळ्यांत कोठें बंदुकीच्या दारूसारखे काळे कण, कोठें माशाच्या गाभोळीसारखे फिकट कण भरलेले! कण चिरडून सूक्ष्मदर्शकाखालीं धरतां त्यांत फांद्या फुटलेले तंतु दिसले. तेव्हां ही बुरशीच होय, असें त्यांनीं ठरविलें, आणि रोगास मायसेटोमा हें नांव दिलें. पुढें साताऱ्यास सिव्हिल सर्जन असतांही हा अभ्यास त्यांनीं सोडिला नाहीं. १८७४ सालीं त्यावरील त्यांचा सचित्र ग्रंथ प्रसिद्ध झाला.

येथें त्यांची एक चूकही सांगितली पाहिजे. जपून ठेवलेल्या एका पायावर गुलाबी बुरशी उगवली. तीच रोगाचें मूळ असें त्यांस वाटलें, व बर्कले नांवाच्या शास्त्रज्ञानें तिला कार्टर ह्यांचें नांवही दिलें. पण ती बाहेरून आलेली निघाली. कलकत्त्याच्या लुईस व कनिंगहॅम ह्या डॉक्टरांनीं तर १८७५ सालीं बुरशी हें कारणच मुळीं शंकास्पद ठरविलें. तथापि काळ्या कणांविषयीं कार्टर ह्यांचेंच म्हणणें खरें ठरलें. फिकट कणांत मात्र कांहीं बुरशीचे, तर कांहीं सूक्ष्म जंतूंचे असतात. असा एक जंतु व्हिन्सेंट ह्यांनीं १८९४ सालीं वर्णिला. दोहोंचीं औषधें निराळीं. त्यामुळें आजही रोग्याच्या मांसाचा लहानसा तुकडा काढून, त्यास रंग देऊन, कण कोणत्या जातीचा हें सूक्ष्मदर्शकानें पाहावें लागतें.

मुंबईच्या उलटणाऱ्या तापांत रोग्याच्या रक्तांतील नागमोडी जंतूही त्यांनीं १८७७ सालीं पाहिले, आणि महारोगाच्या अभ्यासासाठीं ते नॉर्वेपर्यंत गेले. १८८८ मध्यें ते स्वदेशीं परतले. १८९७ सालीं स्कारबरो येथें क्षयानें त्यांचें देहावसान झालें.