नागपूरचा जन्म, इंदूरची कर्मभूमी : कर्नल सी. के. नायडूंच्या आठवणी जपल्या कुणी?

इंदूर : भारताच्या कसोटी क्रिकेटचा पहिला कर्णधार कोण, असं शाळेतल्या पोराला विचारलं तरी सी. के. नायडू हे नाव येतं. पण नावापुढे काय? सात कसोटी सामने, ३५० धावा, सरासरी २५, नऊ बळी. आजच्या हिशेबाने हे आकडे अगदी साधे. नुसत्या आकड्यांवर हा माणूस तोलायचा म्हटलं तर तो हातातून निसटतोच. म्हणून नायडूंचं चरित्र लिहिणाऱ्यांना धावफलक बाजूला ठेवून आठवणी, जुनी कात्रणं आणि पिवळे पडलेले फोटो गोळा करावे लागले. त्यातलं बरंचसं सापडलं ते इंदुरात.

कोट्टारी कनकय्या नायडूंचा जन्म ३१ ऑक्टोबर १८९५ चा, नागपूरचा. घर तेलुगू, वडील केंब्रिजला शिकून आलेले वकील. नागपूर त्या वेळी मध्य प्रांताची राजधानी. हिस्लॉप शाळेत असताना अगदी लहान वयात पोरगं संघात आलं, आणि पुढे कॉलेजच्या दिवसांत नागपूरच्या मैदानांवर त्याचं नाव झालं. १९१६ मध्ये मुंबईच्या चौरंगी स्पर्धेत हिंदू संघाकडून युरोपियनांविरुद्ध नायडू पहिल्यांदा मोठ्या सामन्यात उतरले. संघाची पडझड झालेली. पहिले तीन चेंडू त्यांनी शांतपणे अडवले आणि चौथा थेट सीमेबाहेर भिरकावला, असं जुने लोक सांगत. पुढची जवळपास पन्नास वर्षं त्यांच्या खेळाची ओळख हीच राहिली.

होळकरांचं बोलावणं

१९२३ मध्ये महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांनी नायडूंना इंदुरात बोलावून घेतलं. होळकरांच्या फौजेत त्यांना कॅप्टनचा हुद्दा मिळाला आणि पुढे बढती होत होत ते कर्नल झाले. तेव्हाचा खेळाडू क्रिकेटवर पोट भरू शकत नव्हता. संस्थानाची नोकरी हाच आधार. इंदूरने नायडूंना तो आधार दिला आणि नायडूंनी इंदूरला क्रिकेटच्या नकाशावर आणलं. नागपूरचा हा माणूस मग कायमचा इंदूरकर झाला.

त्यांचं नाव देशभर झालं ते १ डिसेंबर १९२६ ला. आर्थर गिलिगनचा एमसीसी संघ मुंबई जिमखान्यावर हिंदू संघाशी खेळत होता. पाहुण्यांच्या गाय अर्लने आठ षटकारांसह १३० धावा ठोकल्या होत्या. नायडूंनी त्याला दोन तासांच्या आत १५३ धावांनी उत्तर दिलं, त्यात ११ षटकार. बातमी पसरली तशी कचेऱ्या सोडून माणसं मैदानाकडे धावली. झाडांवर, गच्च्यांवर जागा उरली नाही. एमसीसीने त्यांना चांदीची बॅट भेट दिली. इथले लोक बरोबरीने खेळू शकतात हे गिलिगनने मायदेशी जाऊन सांगितलं. दोन वर्षांनी, डिसेंबर १९२८ मध्ये, भारतीय क्रिकेट मंडळ उभं राहिलं आणि १९३२ मध्ये कसोटीचं दार उघडलं.

राजे बाजूला, कॅप्टन पुढे

१९३२ चा इंग्लंड दौरा निघाला तेव्हा कर्णधार पोरबंदरचे महाराज होते आणि उपकर्णधार लिंबडीचे राजकुमार. संघाचा पुढारी राजघराण्यातलाच हवा, असा तो काळ. पण पोरबंदरच्या महाराजांनी आपली मर्यादा ओळखली, लिंबडींना दुखापत झाली, आणि २५ जून १९३२ ला लॉर्ड्सवर भारताच्या पहिल्यावहिल्या कसोटीत नाणेफेकीला नायडू गेले. सामान्य घरातल्या माणसाच्या हाताखाली खेळायला संघातले काही जण नाखूश होते, असं म्हणतात. त्यात नायडूंची शिस्त कडक, बोलणं मोजकं. सगळ्यांना ते रुचायचं नाही.

सामना सुरू झाला आणि निसार व अमरसिंग यांच्या माऱ्यापुढे इंग्लंडची अवस्था ३ बाद १९ झाली. क्षेत्ररक्षण करताना नायडूंचा हात दुखावला. तरी पहिल्या डावात संघातल्या सर्वाधिक ४० धावा त्यांच्याच. भारत १५८ धावांनी हरला, पण हा संघ कसोटीच्या लायक आहे याबद्दल शंका उरली नाही. त्या दौऱ्यात नायडूंनी प्रथम श्रेणीत १६१८ धावा काढल्या आणि ६५ गडी बाद केले. एजबॅस्टनला त्यांनी मारलेला एक षटकार मैदानाबाहेरच्या री नदीकडे गेला. ती नदी दोन परगण्यांची हद्द, म्हणून चेंडू एका परगण्यातून दुसऱ्यात गेला अशी गंमत आजही सांगितली जाते. १९३३ च्या विस्डेनने वर्षातल्या पाच उत्तम खेळाडूंत त्यांना घेतलं.

डिसेंबर १९३३ मध्ये मुंबईत मायदेशातली पहिली कसोटी झाली. लाला अमरनाथांच्या ११८ धावा सगळ्यांना आठवतात. दुसऱ्या टोकाला ६७ धावा करून १८६ ची भागी रचणारे कर्णधार नायडू मात्र विस्मरणात जातात. १९३६ ला कर्णधारपद पुन्हा राजघराण्याकडे, विजयनगरमच्या राजकुमारांकडे गेलं. ओव्हलवर शेवटच्या कसोटीत गबी अॅलनचा चेंडू अंगावर बसूनही नायडूंनी ८१ धावा काढल्या. त्यांची कसोटीतली ती सर्वोच्च खेळी, आणि सामनाही शेवटचाच.

होळकर संघाचे दिवस

कसोटी संपली तेव्हा ते चाळिशीचे होते. इतर कुणी असतं तर थांबलं असतं. नायडूंचं इंदूरमधलं मोठं काम मात्र इथून पुढे सुरू झालं. महाराजा यशवंतराव होळकरांचा आश्रय आणि नायडूंची शिस्त यांतून होळकर संघ घडला. मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, माधवसिंह जगदाळे, हिरालाल गायकवाड, धाकटे बंधू सी. एस. नायडू अशी एकेक माणसं. १९४४-४५ ते १९५४-५५ या अकरा हंगामांत या संघाने रणजी करंडकाच्या दहा अंतिम फेऱ्या गाठल्या आणि चार वेळा करंडक इंदूरला आणला.

१९४५-४६ च्या हंगामात म्हैसूरविरुद्ध होळकरांनी ८ बाद ९१२ धावा केल्या. एकाच डावात सहा जणांची शतकं! भांडारकर, सरवटे, जगदाळे, निंबाळकर, आर. पी. सिंग आणि स्वतः नायडू. त्याच हंगामात बडोद्याविरुद्धच्या अंतिम सामन्यात नायडूंनी २०० धावा काढल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी गाठली होती. पुढे मुंबईशी खेळताना दत्तू फडकरांचा चेंडू तोंडावर बसून दात पडले, तर खेळपट्टीवरचे दात बाजूला सारून ते पुन्हा उभे राहिले, ही गोष्ट इंदूरच्या जुन्या घरांत आजही निघते.

१९५६ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाला. त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला ते ६१ वर्षांचे झाले आणि दुसऱ्याच दिवशी, १ नोव्हेंबरला, राज्यांच्या सीमा बदलल्या. जन्मगाव नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात गेलं, कर्मभूमी इंदूर नव्या मध्य प्रदेशात. होळकर संघ तर आधीच इतिहासजमा झाला होता. त्या हंगामात नायडू उत्तर प्रदेशाकडून रणजी खेळले. प्रथम श्रेणीचा शेवटचा सामना १९६३-६४ मधला, वय ६८. एकूण हिशेब २०७ सामने, ११,८२५ धावा, २६ शतकं आणि ४११ बळी. १४ नोव्हेंबर १९६७ ला इंदुरातच त्यांचं निधन झालं.

आठवणी कशा राहिल्या?

नायडू खेळले तो काळ टीव्हीच्या आधीचा. त्यांचा षटकार पाहिलेली माणसं गेली की सगळंच जाणार, ही भीती खरी होती. ती ओळखून काही जणांनी वेळेत काम केलं. वसंत रायजी हे व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट, स्वतः मुंबई आणि बडोद्याकडून खेळलेले. १९३३ ची मुंबई कसोटी त्यांनी तेराव्या वर्षी मैदानात बसून पाहिली होती. त्यांनी नायडूंवर पुस्तक लिहिलं. १९९५ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, कन्या चंद्रा नायडूंचं वडिलांवरचं पुस्तक आलं. चंद्राताई इंदूरमध्ये इंग्रजीच्या प्राध्यापक, आणि क्रिकेटचं समालोचन करणाऱ्या देशातल्या पहिल्या महिलांपैकी. मैदानावरचा करडा कर्नल घरात बाप म्हणून कसा होता, हे कुठल्याच धावफलकात नसतं. ते मुलीनेच सांगायचं होतं आणि तिने ते सांगून ठेवलं. २०२१ मध्ये त्याही गेल्या. पुस्तक झालं नसतं, तर तो सगळा ठेवा त्यांच्याबरोबरच गेला असता.

आज नायडूंच्या नावाने तरुणांची स्पर्धा आहे, मंडळाचा जीवनगौरव पुरस्कार आहे. नाव टिकलंय. पण होळकर संघात खेळलेली सगळीच माणसं एवढी नशीबवान नव्हती. इंदूर, देवास, ग्वाल्हेर, नागपूर, बडोदा इथल्या मराठी घरांत संघाचे समूहफोटो अजून भिंतींवर, पेट्यांत असतील. पांढऱ्या कपड्यांतल्या त्या रांगेत मधे बसलेले नायडू चटकन ओळखू येतात. मागे उभे असलेले कोण, हे सांगणारे आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांना आजच विचारावं आणि फोटोच्या पाठीमागे पेन्सिलीने नावं, साल, गाव लिहून ठेवावं. राज्याची हद्द १९५६ ला बदलली, पण हा संघ दोन्हीकडच्या माणसांचा होता. ती नावं उद्या कुणी सांगू शकेलच असं नाही.