जनरल ग्रँट यांची शेवटची लढाई

शूर पुरुष म्हटला म्हणजे घोड्यावर बसलेला, हातीं तलवार घेतलेला सेनापतिच आमच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. घरच्या मंडळींचा तो कसा सांभाळ करी, ऋण कसें फेडी, दुखण्यांत कसा वागे, हें पाहण्याची तसदी आम्ही क्वचितच घेतों. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचे सेनापति व अठरावे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांच्या चरित्रांत मात्र या दोन्ही बाजू वेगळ्या काढतां येत नाहींत. आमच्या मतें त्यांचा सर्वांत मोठा पराक्रम रणांगणावर नव्हे, तर डोंगरावरील एका लहानशा घराच्या ओसरीवर, हातांत पेन्सिल धरून घडला. तो कसा, हें आमच्या वाचकांस थोडक्यांत सांगावयाचें आहे.

ग्रँट यांचा जन्म ओहायओ संस्थानांतील पॉइंट प्लेझंट या खेड्यांत ता. २७ एप्रिल १८२२ रोजीं झाला. वडील कातडीं कमावण्याचा धंदा करीत. मुलास त्याचा मनापासून तिटकारा असे. त्याचा जीव काय तो घोड्यांवर. १८३९ सालीं वडिलांनीं खटपट करून त्यास वेस्ट पॉइंट येथील लष्करी विद्यालयांत घातलें. मूळ नांव हायरम युलिसिस. परंतु शिफारस करणाऱ्या गृहस्थांनीं तें चुकीचें लिहून पाठविलें, व युलिसिस एस्. ग्रँट हेंच नांव त्यांना जन्मभर चिकटलें. १८४३ सालीं ते परीक्षा उतरले तेव्हां ३९ जणांत त्यांचा क्रमांक २१ वा होता. मागच्या बाकावर बसणाऱ्या आमच्या मुलांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. मात्र तिचा उपयोग अभ्यास टाळण्याकडे करूं नये!

सेंट लुइस शहराजवळ त्यांच्या एका सहाध्यायाचें घर होतें. त्याची बहीण जूलिया डेंट हिच्याशीं परिचय होऊन १८४४ सालीं वाङ्निश्चय झाला. पण पुढें मेक्सिकोशीं युद्ध जुंपल्यामुळें विवाहास ता. २२ ऑगस्ट १८४८ हा दिवस उजाडला. जूलियाबाईंची दृष्टि जराशी तिरळी होती. पति मोठ्या पदास चढल्यावर त्यांनीं शस्त्रक्रिया करून घेण्याचें मनांत आणलें, तेव्हां ग्रँट यांनींच त्यांस परावृत्त केलें. ज्या डोळ्यांवर आपलें मन प्रथम जडलें, त्यांत कांहीं फेरफार व्हावा हें त्यांना मुळींच रुचलें नाहीं. या जोडप्यास तीन मुलगे व एक मुलगी झाली.

१८५२ सालीं त्यांची पलटण पॅसिफिक किनाऱ्याकडे निघाली. वाटेंत पनामाची चिंचोळी भूमि ओलांडतांना पटकीनें अनेक माणसें दगावलीं. जूलियाबाई गरोदर असल्यानें त्यांस मागें ठेवावें लागलें होतें, आणि पुढें बायकामुलांस आणावें तर पगार पुरत नव्हता. या एकलेपणांत ते मद्याच्या आहारीं गेले असा बोभाटा झाला. तो कितपत खरा याविषयीं इतिहासकारांत मतभेद आहे; पण घरावांचून हा मनुष्य राहूं शकत नव्हता, एवढें निश्चित. १८५४ सालीं त्यांनीं राजीनामा दिला. परततांना न्यूयॉर्क येथें जवळचे पैसे संपले, तेव्हां सायमन बक्नर नांवाच्या वेस्ट पॉइंटच्या जुन्या मित्रानें हॉटेलवाल्यास हमी देऊन त्यांची लाज राखिली. हें नांव वाचकांनीं लक्षांत ठेवावें.

पुढचीं वर्षें अत्यंत कष्टाचीं गेलीं. ग्रँट यांनीं ओंडके रचून स्वतः घर बांधिलें, शेती केली, आणि सरपणाची गाडी घेऊन सेंट लुइसच्या रस्त्यांत लांकडें विकलीं. १८५७ च्या नाताळांत हातांत पैसा नव्हता, म्हणून सोन्याचें घड्याळ गहाण ठेवून २२ डॉलर आणिले. अशा हलाखींतच त्यांच्या हातून एक थोर कृत्य घडलें. सासऱ्यांच्या घरीं गुलाम होते, आणि विल्यम जोन्स नांवाचा एक गुलाम ग्रँट यांच्याही मालकीचा होता. त्यास विकलें असतें तर मोठी रक्कम हातीं येऊन सारी अडचण दूर झाली असती. परंतु १८५९ सालीं त्यांनीं न्यायालयांत कागद करून त्यास मुक्त केलें. पुढील वर्षीं ते इलिनॉय संस्थानांतील गलीना गांवीं वडिलांच्या चामड्याच्या दुकानांत नोकरीस राहिले.

१८६१ सालीं यादवी युद्ध पेटलें आणि दुकानांतला हा कारकून पुन्हां सैन्यांत शिरला. १८६२ च्या फेब्रुवारींत त्यांनीं डोनेल्सनचा किल्ला घेतला. शरण आलेला शत्रूचा सेनापति दुसरा कोणी नसून तोच बक्नर होता! लढाईच्या अटींत ग्रँट यांनीं त्यास तिळभर सूट दिली नाहीं; पण शरणागति झाल्यावर त्याच्या गरजेस आपली पैशांची पिशवी पुढें केली. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत त्यांनीं आपल्या हद्दींतून सर्व यहुदी लोकांस घालवून देण्याचा अन्यायाचा हुकूम काढला. तो अध्यक्ष लिंकन यांनीं रद्द केला, व ग्रँट यांस पुढें त्याचा पश्चात्ताप झाला. थोरांचे दोष झांकणें हें चरित्रकाराचें काम नव्हे.

ता. ४ जुलै १८६३ रोजीं व्हिक्सबर्ग पडलें. त्या मोहिमेंत त्यांचा थोरला मुलगा फ्रेड छावणींत बापाजवळ होता. ता. ९ एप्रिल १८६५ रोजीं ॲपोमॅटॉक्स येथें जनरल ली शरण आले, तेव्हां ग्रँट यांनीं शत्रूच्या शिपायांस पेरणीसाठीं आपापलीं घोडीं घरीं नेऊं दिलीं, व भुकेल्या सैन्यास शिधा पाठविला. पांच दिवसांनीं लिंकन यांनीं त्यांस नाटकास बोलाविलें होतें. परंतु मुलांना भेटण्याच्या ओढीनें पतिपत्नी त्याच सायंकाळीं गांवाबाहेर पडलीं. त्याच रात्रीं नाट्यगृहांत लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली.

१८६९ पासून १८७७ पर्यंत ग्रँट हे अध्यक्ष होते. नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांचें रक्षण करण्यासाठीं त्यांनीं सरकारची सत्ता वापरली. उलटपक्षीं, ज्यांच्यावर विश्वास टाकिला त्यांतील कित्येकांनीं लांचलुचपत करून त्यांच्या कारभारास काळिमा आणिला. त्यानंतर ते सपत्नीक जगप्रवासास निघाले व १८७९ च्या फेब्रुवारींत आमच्या मुंबईसही येऊन गेले.

खरी कसोटी यापुढेंच होती. त्या काळीं माजी अध्यक्षांस निवृत्तिवेतन नसे. न्यूयॉर्क येथें त्यांनीं आपली पुंजी मुलाच्या भागीदारीच्या पेढींत गुंतविली. दुसरा भागीदार फर्डिनंड वॉर्ड हा लबाड निघाला, आणि १८८४ च्या मे महिन्यांत पेढी बुडाली. पेढी तगावी म्हणून ग्रँट यांनीं दोनच दिवसांपूर्वीं व्हँडरबिल्ट या धनिकाकडून दीड लक्ष डॉलर कर्जाऊ आणिले होते. त्यानें तें ऋण माफ करूं केलें. परंतु पतिपत्नींनीं तें नाकारिलें आणि आपली मालमत्ता, तलवारी, पदकें व देशोदेशींचे नजराणे त्याच्या स्वाधीन केले.

त्याच उन्हाळ्यांत त्यांच्या घशांत दुखूं लागलें. डोनेल्सनच्या विजयानंतर लोकांनीं कौतुकानें हजारों सिगार भेट पाठविले होते, व धूम्रपानाची संवय बळावली होती. वैद्यांनीं कर्करोग ठरविला. आतां मरणाचें भय नव्हतें. भय होतें तें आपल्यामागें जूलियाबाईंचें कसें होईल याचें. म्हणून ते आपल्या आठवणी लिहावयास बसले. प्रसिद्ध विनोदी लेखक मार्क ट्वेन यांनीं नफ्याचे शेंकडा ७० देण्याचें कबूल करून तें पुस्तक आपल्या संस्थेकडे घेतलें. पाणी गिळणेंही असह्य झालें, तरी लेखन थांबलें नाहीं. १८८५ च्या जूनमध्यें त्यांस माउंट मॅक्ग्रेगर या डोंगरावर नेलें. तेथें आवाज बसला. मग ते कागदाच्या चिटोऱ्यांवर लिहून बोलत, आणि शाल पांघरून ओसरीवर पानें तपाशीत. फ्रेड, व्हिक्सबर्गप्रमाणें, येथेंही जवळ होताच.

जुलैमध्यें एक वृद्ध पाहुणा भेटीस आला. तो बक्नर होता. एकेकाळचा उपकारकर्ता, मग शत्रु, आतां पुन्हां मित्र! त्याच महिन्यांत सुमारें १२०० पृष्ठांचा ग्रंथ पुरा झाला, आणि थोड्याच दिवसांनीं, ता. २३ जुलै १८८५ रोजीं सकाळीं, कुटुंबीयांच्या सान्निध्यांत ग्रँट यांनीं प्राण सोडिला. ता. ८ ऑगस्ट रोजीं त्यांच्या अंत्ययात्रेंत मानकरी म्हणून त्यांचे सहकारी शर्मन व शेरिडन, तसेच एकेकाळचे शत्रु जॉन्स्टन व बक्नर, हे सर्व होते. ग्रंथाच्या तीन लक्षांवर संचांची विक्री होऊन जूलियाबाईंस चार लक्षांहून अधिक डॉलर मिळाले. वेस्ट पॉइंट येथें पत्नीस शेजारीं जागा मिळणार नाहीं, म्हणून ग्रँट यांनीं तें स्थान आपल्या दफनासाठीं नको म्हटलें होतें. १९०२ सालीं जूलियाबाई वारल्या; न्यूयॉर्क येथील समाधींत आज दोघांच्या शवपेट्या शेजारीं शेजारीं आहेत.

विद्यार्थिमित्रांनो, तुमच्यापैकीं फारच थोडे सेनापति होतील. पण घर सांभाळण्याची पाळी बहुतेकांवर येईल. कर्ज फेडणें, दिलेलें वचन पाळणें, दुखणें सोसून हातचें काम पुरें करणें, याचे नगारे वाजत नाहींत. पालकांसही आमची एवढीच विनंति कीं, आपल्या घरीं असा पराक्रम रोज निमूटपणें कोण करीत आहे, हें मुलांस दाखवून द्यावें. देव तें पाहतो. आपणही पाहण्यास शिकलें पाहिजे.