जिममधले बॉडी टाईप आणि नाण्यांचे मार्क एकाच माणसाने दिले, पण तोच माणूस नाणेचोर निघाला

जिमला जाणाऱ्या कुठल्याही पोराला विचारा, तो शरीराचे तीन प्रकार धडाधड सांगेल. काडी पैलवान तो एक्टोमॉर्फ, पीळदार तो मेसोमॉर्फ आणि गोलमटोल तो एंडोमॉर्फ.

दुसरीकडे जुनी नाणी जमवणाऱ्या माणसाकडे जा. तो अमेरिकेचा चांदीचा डॉलर हातात घेईल आणि हा ६३ चा आहे, तो ६५ चा आहे, अशा भाषेत बोलेल. नाण्याला ७० पैकी मार्क मिळतात. आता ७० पैकीच का? १०० पैकी का नाही?

तर गंमत अशी आहे की हे तीन बॉडी टाईप आणि हे ७० मार्क, दोन्ही एकाच माणसाच्या डोक्यातून आलेत. त्याचं नाव विल्यम हर्बर्ट शेल्डन.

शेल्डनचा जन्म १८९८ साली अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्यात झाला. गडी अभ्यासात हुशार होता. शिकागो विद्यापीठातून त्याने आधी मानसशास्त्राची डॉक्टरेट मिळवली आणि पुढे मेडिकलची पदवीही घेतली. युरोपात जाऊन तो फ्रॉइड आणि युंग यांनाही भेटून आला.

त्याच्या डोक्यात एकच खूळ होतं. माणसाचं शरीर मोजायचं आणि त्यावरून त्याचा स्वभाव ओळखायचा. यासाठी त्याने प्रत्येक माणसाला तीन आकडे द्यायला सुरुवात केली. गोलाई किती, पीळदारपणा किती, सडपातळपणा किती, आणि प्रत्येकाला १ ते ७ मार्क.

त्यासाठी फोटो लागायचे, आणि तेही विवस्त्र. अमेरिकेतल्या नामांकित कॉलेजांमध्ये पाठीचा कणा तपासायच्या नावाखाली हजारो विद्यार्थ्यांचे असे फोटो काढले गेले. १९५० मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठात एका मुलीने घरी तक्रार केली, तेव्हा प्रकरण पेटलं आणि तिथले फोटो जाळून टाकावे लागले.

शरीर बघून माणूस गुन्हेगार होईल का हे सांगता येतं, इथपर्यंत त्याची मजल गेली होती. विज्ञानाने पुढे ही थिअरी मोडीत काढली. जिममध्ये राहिले ते फक्त तीन शब्द.

पण साहेबांचा दुसरा नाद होता नाण्यांचा.

अमेरिकेच्या टांकसाळीने १७९३ पासून तांब्याचे मोठे सेंट पाडले होते. शेल्डन या सेंटवर लट्टू होता. त्या काळी साचे हाताने घडवले जायचे, त्यामुळे एकाच वर्षाच्या नाण्यांमध्येही बारीक फरक असायचे. कुठे आकडा सरकलेला, तर कुठे पान वेगळं. शेल्डनने हे सगळे प्रकार शोधून त्यांना नंबर दिले आणि १९४९ साली त्यावर पुस्तक काढलं. आजही हे सेंट त्याच्या नंबरांनीच ओळखले जातात.

याच पुस्तकात त्याने ७० मार्कांची पट्टी मांडली.

तेव्हा अडचण अशी होती की नाणं चांगलं की वाईट, हे विकणाऱ्याच्या तोंडावर असायचं. विकताना तो उत्तम म्हणायचा आणि तेच नाणं परत घेताना बरं आहे म्हणायचा. शेल्डनने ठरवलं की इथेही आकडा आणायचा.

त्याचं गणित सोपं होतं. नाणं इतकं झिजलंय की ते कुठलं आहे एवढंच कसंबसं ओळखू येतं, तर त्याला १ मार्क. टांकसाळीतून आत्ताच बाहेर आल्यासारखं निर्दोष असेल, तर ७०. त्या वेळी १७९४ च्या सेंटच्या बाजारात सगळ्यात झिजलेल्या पीसपेक्षा सगळ्यात चांगला पीस साधारण ७० पट महाग जायचा. तिथून हा आकडा आला.

म्हणजे झिजलेल्या पीसची किंमत २ डॉलर असेल, तर ३० मार्कांच्या पीसची किंमत ६० डॉलर. झाला हिशोब.

हा हिशोब काही वर्षांतच कोलमडला. चांगल्या नाण्यांचे भाव इतके वर गेले की ७० पटीचं गणित त्यात बसेना. पण किंमत सांगायला नापास झालेली पट्टी दर्जा सांगायला मात्र लोकांना आवडली. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या नाणेसंग्राहकांच्या संघटनेने ती सगळ्याच नाण्यांसाठी स्वीकारली. तांब्याच्या सेंटसाठी बनलेली पट्टी चांदीच्या डॉलरला लागली.

आता या मार्कांनी किती फरक पडतो ते बघा.

मॉर्गन डॉलर हे तिकडचं सगळ्यात लाडकं चांदीचं नाणं. १८७८ ते १९०४ आणि मग १९२१ मध्ये ते निघालं. वजन २६.७३ ग्रॅम, त्यात चांदी ९० टक्के. सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीने १८८१ मध्ये असे १ कोटी २७ लाख डॉलर पाडले. त्यातले पोती भरून डॉलर तिजोरीतच पडून राहिले, त्यामुळे आजही ते कोरे करकरीत मिळतात आणि सामान्य माणसाला परवडतात.

त्याच टांकसाळीने १८८४ मध्ये ३२ लाख डॉलर पाडले. पण ते बाजारात फिरले, झिजले, वितळवले गेले. झिजलेला १८८४ चा पीस आजही साध्या भावात मिळतो. पण ६० च्या पुढचा, म्हणजे चलनात न फिरलेला पीस निघाला की भाव हजारो डॉलरवर जातो. वर्ष तेच, चांदी तेवढीच, फरक फक्त मार्कांचा.

चुकीच्या छपाईच्या नाण्यांचंही तसंच. १९५५ मध्ये फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत एका सेंटच्या साच्यावर अक्षरं आणि आकडे दुहेरी उमटले. त्यातली वीस हजारांहून जास्त नाणी बाजारात गेली आणि आज त्यांना मोठी मागणी आहे. पण चूक टांकसाळीत झालेली असली पाहिजे. नंतर कुणी हातोडी मारली, घासलं किंवा वाकवलं, तर ती एरर नाही, ते नुकसान. आणि खऱ्या एररलाही शेवटी मार्क मिळतातच.

आता येतो शेल्डनच्या गोष्टीतला खरा झोल.

न्यूयॉर्कमध्ये अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटी नावाची मोठी संस्था आहे. जॉर्ज क्लॅप नावाच्या उद्योगपतीने आपला जुन्या सेंटचा अख्खा संग्रह या संस्थेला दान दिला होता. शेल्डन म्हणजे या विषयातला बाप माणूस. तो अभ्यासाला आला की संस्था विश्वासाने ट्रे त्याच्यापुढे ठेवायची.

शेल्डन काय करायचा? आपलं कमी मार्कांचं नाणं ट्रेमध्ये ठेवायचा आणि त्याच प्रकारचं जास्त मार्कांचं नाणं खिशात घालायचा. मोजून बघितलं तर नाणी तेवढीच. त्यामुळे कुणाला पत्ताच लागला नाही.

१९७२ मध्ये त्याने आपला संग्रह कॅलिफोर्नियातल्या एका संग्राहकाला विकला. १९७७ मध्ये तो वारला, तोपर्यंत त्याचं नाव आदरानेच घेतलं जात होतं.

त्यानंतर दीडएक दशकाने अभ्यासकांनी जुने फोटो आणि नाणी शेजारी ठेवून बघितली. तांब्याच्या प्रत्येक नाण्यावर ओरखडे आणि डाग वेगळे असतात, आपल्या बोटांच्या ठशांसारखे. ते जुळवल्यावर भांडं फुटलं. एकूण १२९ नाणी बदललेली निघाली. प्रकरण कोर्टात गेलं आणि निकाल संस्थेच्या बाजूने लागला.

थोडक्यात, नाण्याचा दर्जा ओळखायला जगाला शिकवणाऱ्या माणसाने तीच नजर चोरीसाठी वापरली. १० मार्कांचा फरक किती मोलाचा असतो, हे त्याच्याइतकं कुणालाच कळत नव्हतं.

आज अमेरिकेत नाणं खरेदी-विक्रीशी संबंध नसलेल्या कंपनीकडे तपासायला देतात. ती मार्क देऊन, नंबर टाकून नाणं प्लास्टिकच्या डबीत सीलबंद करते. मार्क देणारा आणि विकणारा वेगळा असावा, हा त्यामागचा विचार. आपल्याकडच्या राणीछाप रुपयालाही या कंपन्या शेल्डनच्याच पट्टीवर मार्क देतात.

म्हणून आजीच्या डब्यात असा रुपया सापडला, तर पहिली गोष्ट, तो पितांबरीने किंवा चिंचेने घासू नका. चकाकी येईल, पण वरचा मूळ थर जाईल आणि भावही पडेल.

दुसरी गोष्ट, जुन्या नाण्याचे लाखो रुपये देतो म्हणून आधी फी मागणाऱ्यांपासून लांब राहा. आपल्या नावाने असे पैसे उकळले जातायत, असा इशारा रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच दिलाय.

आणि नाण्याला मार्क कोण देतोय, हे आधी बघा. मार्क देणाऱ्यालाच ते नाणं हवं असेल तर काय होतं, हे शेल्डनने दाखवून दिलंय.