जिम कॉर्बेट : नरभक्षकांचा शिकारी, वाघांचा कैवारी

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कुमाऊं आणि गढवालच्या डोंगराळ मुलखात नरभक्षक वाघ-बिबट्यांनी अक्षरशः थैमान घातले होते. दिवस मावळण्यापूर्वीच गावांतील दारे बंद होत, शेते ओस पडत आणि गवत कापण्यासाठी रानात जाणेही जिवावर बेतत असे. या संकटातून सोडविणारा माणूस म्हणून तेथील जनतेने ज्यांना आपले मानले, ते म्हणजे जिम कॉर्बेट.

एडवर्ड जेम्स कॉर्बेट यांचा जन्म २५ जुलै १८७५ रोजी नैनिताल येथे झाला. वडील तेथील पोस्टमास्तर होते. जिम लहान असतानाच त्यांचे निधन झाले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आईवर पडला. हिवाळ्यात हे कुटुंब पायथ्याच्या कालाढुंगी येथील घरी राहावयास येई. तेथील जंगलात भटकताना पायांचे ठसे, पक्ष्यांचे इशारे आणि हरणा-माकडांचे धोक्याचे आवाज यांचा अर्थ लावण्यास जिम शिकले. पुढे त्यांनी रेल्वेत नोकरी धरली आणि बिहारमधील मोकामा घाट येथे गंगेपार माल चढविण्या-उतरविण्याचे कंत्राट सुमारे दोन दशके सांभाळले.

१९०७ साली चंपावतच्या वाघिणीचा बंदोबस्त करण्याची विनंती त्यांच्याकडे आली. नेपाळ आणि कुमाऊंमध्ये मिळून या वाघिणीने ४३६ माणसांचे बळी घेतल्याची नोंद आहे. कॉर्बेट यांनी दोन अटी घातल्या. वाघिणीवर लावलेले इनाम मागे घ्यावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. बक्षिसासाठी शिकार करणारा म्हणून ओळखले जाणे त्यांना मान्य नव्हते. चंपावतच्या तहसीलदारांनी जमविलेल्या सुमारे तीनशे गावकऱ्यांनी हाकारे घातले आणि वाघीण मारली गेली. तिच्या उजव्या बाजूचे वरचे व खालचे सुळे मोडलेले आढळले. कधीकाळी लागलेल्या बंदुकीच्या गोळीची ती खूण होती. नैसर्गिक भक्ष्य मारणे अशक्य झाल्यामुळेच ती माणसांकडे वळली होती.

रुद्रप्रयागच्या बिबट्याने तर आठ वर्षे दहशत माजविली. केदारनाथ आणि बद्रीनाथच्या यात्रामार्गावर त्याने १२५ जणांचा बळी घेतला. विष, सापळे, बंदुका या सर्वांतून तो निसटला. कॉर्बेट यांनी अलकनंदेवरील झुलत्या पुलाच्या मनोऱ्यावर कडाक्याच्या थंडीत वीस रात्री जागून काढल्या, परंतु बिबट्या पूल ओलांडून आला नाही. अखेर मे १९२६ च्या प्रारंभी गुलाबराय येथे यात्रामार्गालगतच्या आंब्याच्या झाडावर बसून त्यांनी त्याला टिपले. खाली बांधलेल्या बकरीच्या गळ्यातील घंटेचा आवाज आणि क्षणभर पडलेला टॉर्चचा झोत, एवढाच त्या रात्री त्यांना आधार होता.

चौगढच्या वाघिणीशी झालेली गाठ मात्र सर्वांत जवळची ठरली. सुमारे पाच वर्षांत ६४ जणांना ठार करणाऱ्या या वाघिणीच्या मागावर असताना, ११ एप्रिल १९३० रोजी कॉर्बेट एका ओढ्याच्या पात्रातून चालले होते. त्यांच्या डाव्या हातात रातवा पक्ष्याची दोन अंडी होती आणि उजव्या हातात रायफल. एका मोठ्या खडकाला वळसा घालून त्यांनी मागे पाहिले, तो अवघ्या आठ फुटांवर वाघीण दबा धरून बसलेली! त्यांनी तिच्यावरची नजर ढळू दिली नाही. एकाच हाताने रायफल अतिशय सावकाश फिरवीत त्यांनी नळी तिच्या दिशेला आणली आणि चाप ओढला. हातात अंडी नसती, तर आपण दोन्ही हातांनी रायफल धरून झटकन वळलो असतो आणि त्याच क्षणी वाघिणीने झेप घेतली असती, असे त्यांचे मत होते. परतताना त्यांनी ती अंडी होती त्या जागी ठेवली. या वाघिणीचीही नखे आणि एक सुळा मोडलेला होता.

अशा प्रत्येक शिकारीनंतर कॉर्बेट मृत जनावराची बारकाईने तपासणी करीत. मुक्तेश्वरच्या वाघिणीने साळिंदराशी झालेल्या झुंजीत एक डोळा गमावला होता आणि तिच्या पायात सुमारे पन्नास काटे रुतले होते. गढवालमध्ये १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत अनेक मृतदेहांना अग्नी देता आला नाही. ते दरीत टाकले गेले आणि तेथूनच बिबट्याला नरमांसाची चटक लागली, असा निष्कर्ष त्यांनी काढला. वाघ स्वभावतः माणसाचा वैरी नसतो. जखम, वार्धक्य किंवा माणसाचीच चूक त्याला नरभक्षक बनविते, ही त्यांची ठाम धारणा झाली.

याच जाणिवेतून शौकासाठी होणाऱ्या शिकारीविषयी त्यांच्या मनात तिटकारा निर्माण झाला आणि त्यांनी चलचित्रणाचा कॅमेरा हाती घेतला. १९३६ साली स्थापन झालेल्या हेली राष्ट्रीय उद्यानाच्या उभारणीस त्यांनी साहाय्य केले. हे भारतातील पहिले राष्ट्रीय उद्यान होय. १९३८ साली ठाकची वाघीण मारल्यावर नरभक्षकांची त्यांची मोहीम थांबली. त्यांचे 'मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं' हे पुस्तक १९४४ साली मुंबईत प्रकाशित झाले आणि जगभर वाचले गेले.

कालाढुंगीजवळ छोटी हल्द्वानी हे गाव त्यांनी वसविले होते. १९४७ साली भगिनी मॅगी यांच्यासह ते केनियात स्थायिक झाले, तरी तेथील कुळांच्या जमिनींचा सारा ते भरीत राहिले. १९ एप्रिल १९५५ रोजी न्येरी येथे त्यांचे निधन झाले. १९५७ साली उद्यानाला त्यांचे नाव देण्यात आले आणि १ एप्रिल १९७३ रोजी तेथूनच व्याघ्र प्रकल्पाचा आरंभ झाला.

माणूस आणि वन्यप्राणी यांच्यातील संघर्षाच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून आजही येतात. अशा वेळी जनावराला दोषी ठरविण्यापूर्वी ते असे का वागले, हे शोधण्याची कॉर्बेट यांची दृष्टी त्यांच्या नेमबाजीइतकीच मोलाची ठरते.