वंशावळीतील एक नाव : श्रीमंत सयाजीराव महाराज

तापीकाठचे कामरेज आज सुरत जिल्ह्यात असले, तरी १९४९ सालच्या विलीनीकरणापर्यंत ते बडोदे संस्थानच्या नवसारी प्रांतातील एक महाल होते. सुरत शहर इंग्रजांचे, तर लगतचे कामरेज गायकवाडांचे. या मुलखावर दीर्घकाळ राज्य करणाऱ्या श्रीमंत सयाजीराव महाराजांचे चरित्र एका वंशावळीपासूनच सुरू होते.

मालेगाव तालुक्यातील कवळाणे येथे गायकवाड घराण्याची एक दुय्यम शाखा शेतीवर निर्वाह करीत होती. तेथील काशीराव गायकवाडांच्या घरी ११ मार्च १८६३ रोजी गोपाळरावांचा जन्म झाला. १८७५ साली इंग्रज सरकारने मल्हाररावांना पदच्युत केले आणि खंडेरावांच्या विधवा पत्नी जमनाबाईसाहेबांना दत्तकाची परवानगी दिली. त्या वेळी या विस्मृत शाखेचे मूळ घराण्याशी असलेले नाते मोलाचे ठरले. काशीराव आपल्या मुलांसह बडोद्यास आले. २७ मे १८७५ रोजी दत्तविधान झाले आणि बारा वर्षांचा निरक्षर गोपाळ सयाजीराव झाला. सर टी. माधवरावांचा कारभार व इलियटसाहेबांचे अध्यापन यांतून घडलेल्या या तरुणास १८८१च्या अखेरीस राज्याधिकार मिळाले.

अक्षरओळख उशिरा झालेल्या या राजाने १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली ते तत्त्व संस्थानभर लागू केले. १९१० साली अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांस पाचारण करून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणावयास घेतले. राजवाड्यातील ग्रंथसंग्रह बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयास दिला. खेड्याने एक हिस्सा जमवावा, तेवढीच भर प्रांत पंचायतीने व सरकारने घालावी, अशी योजना होती. पुस्तकांच्या फिरत्या पेट्या आडगावी जाऊ लागल्या. ग्रंथालय हे दान नसून गावाचा वाटा असलेली मालमत्ता आहे, हा विचार त्यामागे होता.

घरात मात्र दैव कठोर होते. प्रथम पत्नी चिमणाबाई १८८५ साली निवर्तल्या. फत्तेसिंहराव, शिवाजीराव व जयसिंहराव हे तीन पुत्र त्यांच्या डोळ्यांदेखत गेले. ६ फेब्रुवारी १९३९ रोजी महाराजांचे निधन झाले आणि गादी नातू प्रतापसिंहरावांकडे गेली. ज्या वंशावळीने त्यांना राज्य दिले, तिच्यातच त्यांच्या दुःखाचीही नोंद राहिली. तथापि त्यांचा खरा वारसा त्या पत्रकाबाहेर, गावोगावच्या वाचकांत शोधावा लागतो. आपल्यासारख्या ग्रंथालयाच्या सभासदांचाही त्या वारशात वाटा आहे.